किडनी प्रत्यारोपणानंतर लघवीत प्रथिने दिसली तर: नमुन्यापासून उपचारापर्यंत, क्रमाने

किडनी बदललेल्या माणसाच्या घरी रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर आधी क्रिएटिनिनवर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या रक्तातल्या आकड्यावर, जाते. ते १.२ असले की फाइल मिटते. त्याच फाइलमध्ये, दोन पाने मागे, लघवीच्या रिपोर्टवर ‘प्रोटीन २+’ असे लिहिलेले असते आणि पुढच्या भेटीपर्यंत ते कोणी वाचत नाही. दुसऱ्या घरात नेमके उलटे होते. रिपोर्टवर ‘ट्रेस’ एवढाच शब्द दिसतो आणि रात्रभर कोणाला झोप लागत नाही. सकाळपर्यंत डाळ बंद झालेली असते आणि कोणीतरी काढ्याची पुडी घेऊन आलेले असते.

दोन्ही घरांत चुकतो तो क्रम. नव्या किडनीतल्या गाळण्यांना इजा होऊ लागली की प्रथिने लघवीत उतरतात आणि क्रिएटिनिन त्यानंतर कित्येक महिन्यांनी हलू शकते. म्हणून क्रिएटिनिन चांगले आहे एवढ्यावर समाधान मानू नका. पण एकदाच, घाईत दिलेल्या नमुन्यावरून काही ठरवूही नका. आधी नमुना नीट द्या, मग आकडा नीट वाचा, तो पुन्हा पडताळून घ्या, त्यानंतर कारण शोधले जाईल आणि औषध शेवटी येईल. पुढचे टप्पे याच क्रमाने आहेत.

## टप्पा १: स्वतःचा मूळ आकडा माहीत करून घ्या

प्रत्यारोपणात जुन्या किडन्या सहसा काढत नाहीत, त्या जागेवरच राहतात. ज्यांना डायलिसिसच्या काळातही लघवी होत होती आणि तिच्यातून प्रथिने जात होती, त्यांच्या लघवीत ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे जुन्या किडन्यांमधून येणारी प्रथिने दिसू शकतात. ती भराभर कमी होत जातात. म्हणूनच पहिल्या महिन्यात एकदा प्रथिनांचे प्रमाण मोजून ठेवायचे असते. तो आकडा हाताशी नसेल, तर दोन वर्षांनी आलेले ०.४ (हा आकडा कसा वाचायचा ते टप्पा ४ मध्ये) नवे आहे की पहिल्यापासूनचे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

फाइलच्या पहिल्या पानावर चार गोष्टी लिहून ठेवा: स्वतःची किडनी कोणत्या आजाराने गेली, त्या वेळी बायोप्सी (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणे) झाली होती का, प्रत्यारोपणाआधी लघवीतून प्रथिने जात होती का, आणि प्रत्यारोपणानंतरच्या पहिल्या महिन्यातला आकडा. मूळ आजाराचे नाव यात सर्वांत महत्त्वाचे आहे. एफएसजीएस, आयजीए नेफ्रोपॅथी, मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी हे किडनीच्या गाळण्यांचे आजार नव्या किडनीतही परत येऊ शकतात. प्राथमिक एफएसजीएस तर कधी कधी ऑपरेशननंतर काही तासांत किंवा दिवसांत उलटतो.

केडिगो या किडनीविकारांवरील आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार लघवीतील प्रथिने पहिल्या महिन्यात निदान एकदा, पहिल्या वर्षभर दर ३ महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तरी मोजावीत. मूळ आजार एफएसजीएस असेल तर पहिला आठवडा रोज आणि पुढे ४ आठवडे दर आठवड्याला. हे किमान वेळापत्रक आहे. तुमच्या डॉक्टरांनी दर भेटीला तपासणी लिहून दिली असेल तर तेच पाळा.

तपासा: मूळ आजाराच्या रकान्यात नुसते ‘बीपीमुळे किडनी गेली’ असे लिहिले आहे का? आपल्याकडे बरेच रुग्ण किडन्या आकसल्यावरच डॉक्टरांपर्यंत पोहोचतात. तेव्हा बायोप्सी करता येत नाही आणि बीपी हे अंदाजाने लिहिलेले कारण असू शकते. अशा वेळी ‘मूळ आजार निश्चित नाही’ असे लिहिणे अधिक खरे आणि पुढे अधिक उपयोगाचे.

## टप्पा २: नमुना द्यायचा दिवस नीट निवडा

निरोगी माणसाच्या लघवीतही काही वेळा तात्पुरती प्रथिने येतात. ताप असेल, आदल्या दिवशी गड चढून आला असाल, व्यायामशाळेत वजने उचलली असतील, साखर खूप वाढलेली असेल, बीपी चढलेले असेल किंवा लघवीला जळजळ होत असेल, तर आकडा फुगतो. स्त्रियांनी पाळीच्या दिवसांत हा नमुना देऊ नये. रक्त मिसळले की प्रथिने वाढलेली दिसतात.

ताप किंवा जळजळ असेल तर ‘बरे वाटल्यावर तपासू’ म्हणून घरी थांबू नका. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा ताप ही त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायची गोष्ट आहे. पुढे ढकलायची ती फक्त प्रथिनांची मोजणी.

टॅक्रोलिमसची (शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून घ्यायच्या औषधाची) रक्तातली लेव्हल त्याच सकाळी द्यायची असेल तर रात्रीच्या गोळीनंतर साधारण १२ तासांनी आणि सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्या. गोळी सोबत घेऊन जा आणि रक्त दिल्याबरोबर घ्या. गोळी घेऊन मग लॅबला जाण्याची चूक फार सर्रास होते. लेव्हल खोटी वाढलेली येते, त्यावरून डोस कमी होतो, आणि रिजेक्शनला, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याला, वाट मिळते.

लॅबमध्ये बसून लघवी यावी म्हणून लिटरभर पाणी पिऊ नका. नेहमीसारखे प्या.

## टप्पा ३: नमुना कसा द्यायचा

रोजच्या देखरेखीसाठी सकाळच्या पहिल्या लघवीचा एक नमुना पुरतो. चाचणीच्या कागदावर ‘यूरिन प्रोटीन क्रिएटिनिन रेशो’ असे पूर्ण लिहिलेले असू द्या. काउंटरवर नुसते ‘यूरिनचं प्रोटीन’ म्हटले की तीनपैकी कोणतीही चाचणी होऊ शकते: साधी रूटीन पट्टी (लघवीत बुडवल्यावर रंग बदलणारी), अल्ब्युमिन क्रिएटिनिन रेशो किंवा प्रोटीन क्रिएटिनिन रेशो. तिन्हींचे आकडे वेगळे असतात. अल्ब्युमिन हे एकूण प्रथिनांपैकी एकच प्रथिन आहे, त्यामुळे मागच्या वेळी अल्ब्युमिन आणि या वेळी प्रोटीन मोजले तर काहीही न बिघडता आकडा वाढलेला दिसतो.

सोबत रूटीन मायक्रोस्कोपीही करून घ्या. लाल पेशी आणि पस सेल्स (संसर्गात वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) किती आहेत हे कळले नाही तर प्रथिनांच्या आकड्याचा अर्धा अर्थ हरवतो.

१. उठल्यावर आधी हात धुवा. जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. जंतुनाशक द्रव वापरू नका, क्लोरहेक्सिडिनचा अंश नमुन्यात गेला तर पट्टी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते.

२. सुरुवातीची थोडी लघवी सोडून द्या, मधली धार लॅबच्या स्वच्छ डबीत घ्या. घरातली औषधाची रिकामी बाटली नको.

३. तास-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा. तालुक्याच्या गावाहून जायचे असेल आणि उशीर होणार असेल तर डबी फ्रीजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या पिशवीसोबत न्या. उन्हात तापलेल्या गाडीत राहिलेल्या नमुन्यात जंतू वाढतात आणि पेशी फुटतात.

४. शक्य तितके दर वेळी एकाच लॅबमध्ये द्या.

### २४ तासांची लघवी मागितली असेल तर

ही चाचणी अवघड नाही, पण सर्वांत जास्त चुकते. चूक बहुतेक वेळा पहिल्या आणि शेवटच्या लघवीत होते.

समजा रविवारी सकाळी ७ वाजता सुरुवात करायची आहे. ७ वाजता उठून लघवी करा आणि ती टाकून द्या. वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची दिवसाची आणि रात्रीची प्रत्येक लघवी कॅनमध्ये गोळा करा. सोमवारी सकाळी बरोबर ७ वाजता लघवी लागलेली नसली तरी करा आणि ती कॅनमध्ये घाला. मोजणी तिथे संपली.

पहिली लघवीही कॅनमध्ये घातली तर २४ तासांऐवजी जवळपास ३२ तासांचा माल जमा होतो. शेवटची टाकली तर रात्रभराची लघवी गेली. शौचाला जाताना आधी लघवी वेगळी घ्या, तिथेच सर्वांत जास्त निसटते. रविवार निवडण्याचे कारण एवढेच, की ऑफिसच्या स्वच्छतागृहात कॅन नेणे कोणालाच जमत नाही.

प्रत्यारोपण झालेली माणसे दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पितात, त्यामुळे लॅबने दिलेला एक कॅन अपुरा पडू शकतो. आधीच दोन मागून घ्या. कॅन सावलीत, थंड जागी ठेवा. सगळा कॅन लॅबला नेता येत नसेल तर लॅबला विचारून नीट हलवा, एकूण माप मिलिलिटरमध्ये लिहा आणि त्यातला नमुना न्या. माप न लिहिता आणलेला नमुना निरुपयोगी ठरतो.

तपासा: २४ तासांच्या लघवीत क्रिएटिनिनही मोजायला सांगा. पुरुषात ते साधारण दर किलो वजनामागे १५ ते २५ मिलिग्रॅम आणि स्त्रीत १० ते २० मिलिग्रॅम असते. ६० किलोच्या पुरुषाच्या रिपोर्टवर एकूण ५०० मिलिग्रॅमच आले असेल तर बहुधा लघवी अर्धवट गोळा झाली आहे. दीर्घ डायलिसिस आणि स्टिरॉइडमुळे स्नायू झडलेले असतील तर आकडा खालच्या टोकाला असू शकतो, हे लक्षात घ्या. अर्धवट नमुनाही अगदी वाया जात नाही. त्यातल्या प्रोटीनला त्यातल्याच क्रिएटिनिनने भागले की रेशो मिळतो.

## टप्पा ४: आकडा वाचा

पट्टीवरचे १+, २+ हे लघवी किती दाट आहे त्यावर हलतात. साधारणपणे १+ म्हणजे डेसिलिटरमागे ३० मिलिग्रॅम, २+ म्हणजे १००, ३+ म्हणजे ३००. पण भरपूर पाणी प्यायलेल्या माणसाची गळती मोठी असली तरी पट्टी ‘ट्रेस’ दाखवेल आणि उन्हातून आलेल्या, कमी पाणी प्यायलेल्या माणसात थोडीशी गळतीही २+ दिसेल.

रेशोत ही अडचण राहत नाही. उदाहरण घेऊ. सोमवारी लघवीत प्रोटीन ४५ आणि क्रिएटिनिन ९०, दोन्ही मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ४५ भागिले ९० म्हणजे ०.५. गुरुवारी त्याच माणसाने पाणी जास्त प्यायले आणि प्रोटीन १५, क्रिएटिनिन ३० आले. भागाकार पुन्हा ०.५. पट्टीने सोमवारी १+ आणि गुरुवारी ट्रेस दाखवले असते आणि घरच्यांना सुधारणा झाल्यासारखी वाटली असती. गळती तेवढीच आहे. रिपोर्टवर भागाकार छापलेला नसेल तर स्वतः करा, पण दोन्ही आकडे एकाच एककात आहेत याची खात्री करून.

हा भागाकार म्हणजे ढोबळमानाने दिवसाला किती ग्रॅम प्रथिने जातात त्याचा अंदाज. ०.५ म्हणजे दिवसाला सुमारे अर्धा ग्रॅम. ०.१५ च्या आत साधारण ठीक. ०.५ च्या वर आणि तिथेच टिकून असेल तर कारण शोधायला हवे. १ च्या वर गेल्यास ते काम लांबवू नये. ३ ते ३.५ च्या पुढे गळती मोठी मानतात. मग अंगावर सूज, रक्तातील अल्ब्युमिन कमी होणे आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोका येतो. फार बारीक, स्नायू कमी असलेल्या व्यक्तीत रेशो खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसतो, कारण भाजक असलेले क्रिएटिनिनच कमी असते. पैलवानी अंगाच्या माणसात उलट.

सावधान, एकके: काही लॅब ०.५ लिहितात, काही तोच आकडा ‘५०० मिलिग्रॅम प्रति ग्रॅम’ असा देतात. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी मंडळींच्या रिपोर्टवर तो मिलिमोलमागे ५७ च्या आसपास दिसेल. तिन्हींचा अर्थ एकच. तिथल्या आकड्याला ८.८४ ने गुणले की आपल्याकडचा ‘प्रति ग्रॅम’ आकडा मिळतो. ०.५ वरून ५०० पाहून घाबरलेली आणि ५७ ला ‘शंभराच्या आत’ म्हणून सोडून दिलेली, अशी दोन्ही प्रकारची माणसे भेटतात.

लघवीला फेस येतो म्हणून विचारणारे पुष्कळ असतात. जोराच्या धारेने कमोडमध्ये फेस होतोच. पाणी ओतल्यावरही न जाणारा, रोजचा फेस असेल तर तपासा. फेस नाही म्हणून निर्धास्त मात्र राहू नका, सुरुवातीची गळती डोळ्यांना दिसत नाही.

## टप्पा ५: पडताळून पाहा

पहिला वाढलेला आकडा आला की एक-दोन आठवड्यांत तीच चाचणी, त्याच लॅबमध्ये, सकाळच्या पहिल्या लघवीवर पुन्हा करा. पस सेल्स असतील तर आधी कल्चर (लघवीत कोणते जंतू आहेत याची चाचणी) आणि डॉक्टरांनी सांगितलेला उपचार, मग पुन्हा मोजणी. कल्चरचा नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचा असतो.

पण वाट पाहण्याची ही मुभा सगळ्यांना नाही. पुढीलपैकी काहीही असेल तर पुन्हा तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करा:

- दोन-तीन दिवसांत पाय किंवा डोळ्यांभोवती सूज, वजनात दोन किलोची वाढ
- लघवी एकदम कमी होणे किंवा तांबडी, चहासारखी होणे
- ताप, किंवा नव्या किडनीच्या जागी दुखणे, ती जागा टणक लागणे
- क्रिएटिनिन नेहमीपेक्षा वाढलेले
- एकाच पायाला सूज आणि दुखणे, अचानक धाप लागणे (यात थेट कॅज्युअल्टी गाठा)
- मूळ आजार एफएसजीएस असून आकडा एकदम वर गेलेला

गर्भवती स्त्रीच्या लघवीत प्रथिने आणि बीपी दोन्ही वाढले तर तेही याच यादीत धरा.

## टप्पा ६: डॉक्टरांकडे काय घेऊन जायचे

मोबाइलवर रिपोर्टचा फोटो पाठवून ‘काळजीचं कारण आहे का?’ असे विचारले की उत्तरही तेवढेच अर्धवट मिळते. आधीचे निदान तीन आकडे तारखांसह, आताचे क्रिएटिनिन, शेवटची टॅक्रोलिमस लेव्हल, घरच्या बीपीची आठवड्याची नोंद आणि चालू औषधांची पूर्ण यादी एका कागदावर लिहा. या यादीत कंबरदुखीसाठी घेतलेली गोळी, दाताच्या डॉक्टरांनी दिलेले अँटिबायोटिक, कोणी दिलेले चूर्ण किंवा भस्म, जिममधली पावडर, चेहऱ्याला लावायचे गोरेपणाचे क्रीम, सगळे आले पाहिजे.

क्रीम आणि भस्मे मुद्दाम लिहिली आहेत. काही गोरे करणाऱ्या क्रीममध्ये आणि काही पारंपरिक औषधांत पारा असतो. त्यामुळे मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी झाल्याचे, म्हणजे थेट लघवीतून प्रथिने जाऊ लागल्याचे, भारतातल्या डॉक्टरांनी नोंदवले आहे. ओरडा बसेल या भीतीने रुग्ण हे लपवतात. तसे करू नका. ते पाकीटच घेऊन जा.

एखादा डोस चुकला असेल, गोळ्या संपून दोन दिवस मिळाल्या नसतील, तेही सांगा. डॉक्टरांना हे कळले नाही तर तपास भलत्याच दिशेला जातो.

## टप्पा ७: कारण शोधणे

नव्या किडनीतून प्रथिने जाण्याची कारणे अनेक आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. म्हणून ‘प्रथिने थांबवायची गोळी’ आधी मागू नये. मूळ आजार परत येणे, अँटिबॉडीमुळे हळूहळू होणारे रिजेक्शन, प्रत्यारोपणानंतर झालेला मधुमेह, अनियंत्रित बीपी, बीके किंवा सीएमव्हीसारखे विषाणू, हिपॅटायटिस बी किंवा सी, टॅक्रोलिमसचा दीर्घकाळचा परिणाम, आणि काही औषधे. औषधांत सिरोलिमस आणि एव्हरोलिमस लक्षात ठेवा: टॅक्रोलिमस बदलून यांपैकी एक सुरू केल्यावर काही जणांत प्रथिने वाढतात. बदल कधी झाला ती तारीख म्हणूनच फाइलमध्ये हवी.

तपासण्या साधारण या क्रमाने होतात: रक्तातील अल्ब्युमिन, कोलेस्टेरॉल, साखर आणि एचबीएवनसी, टॅक्रोलिमस लेव्हल, विषाणूंच्या चाचण्या, नव्या किडनीची डॉपलर सोनोग्राफी, दात्याविरुद्धच्या अँटिबॉडींची डीएसए चाचणी. एवढ्याने उत्तर मिळाले नाही किंवा गळती मोठी असेल तर बायोप्सी. केडिगोच्या २००९ च्या तत्त्वांत कारण न कळलेली गळती दिवसाला ३ ग्रॅम किंवा जास्त असेल तर बायोप्सी सुचवली आहे. अनेक नेफ्रॉलॉजिस्ट (किडनीचे डॉक्टर) एवढी वाट न पाहता अर्धा ते एक ग्रॅम टिकून असली तरी ती करतात, आणि मला ते जास्त पटते. गाळण्या वठून गेल्यावर कारण कळून उपयोग काय?

### बायोप्सीची भीती आणि तयारी

‘बायोप्सी सांगितली म्हणजे किडनी गेली’ हा समज फार खोल आहे. खरे तर जी वाचवता येण्यासारखी आहे तिचीच बायोप्सी करतात. नवी किडनी ओटीपोटात, त्वचेखाली जवळच असते. सोनोग्राफीत पाहून, जागा बधिर करून सुईने बारीक तुकडे घेतात.

अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असेल तर तारीख ठरवतानाच सांगा. बंद कधी करायचे ते डॉक्टर ठरवतील, हृदयात स्टेंट असलेल्यांनी ते स्वतःहून कधीच बंद करू नये. त्या सकाळी बीपीची गोळी चुकवू नका, बीपी चढलेले असताना रक्तस्राव वाढतो. नंतर सांगितलेले तास पडून राहा, लघवीचा रंग पाहत राहा, आठवडा-दोन आठवडे वजन उचलू नका.

एक प्रश्न आधीच विचारून ठेवा: तुकडा इम्युनोफ्लुरोसन्स आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठीही जाणार आहे का? तक्रार प्रथिनांची असताना या दोन तपासण्या मोलाच्या असतात. सगळे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकले तर इम्युनोफ्लुरोसन्स नीट होत नाही, आणि लहान शहरांत नमुना बाहेर पाठवताना हे आधी ठरलेले नसेल तर पुन्हा सुई टोचायची वेळ येते.

## टप्पा ८: उपचार सुरू झाल्यावर

कारणावरचा उपचार डॉक्टर ठरवतात. उलटलेल्या एफएसजीएसमध्ये प्लाझ्मा एक्सचेंज (रक्तातला द्रव भाग बदलणे) आणि रिटुक्सिमॅब हे औषध, रिजेक्शनमध्ये प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांची फेररचना, मधुमेहात साखरेवर ताबा. रुग्णाच्या हातात जे उरते ते दिसायला किरकोळ, पण तिथेच गाडी घसरते.

टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या गटाच्या बीपीच्या गोळ्या प्रथिनांची गळतीही कमी करतात. बीपी नॉर्मल आहे म्हणून अनेक जण ती परस्पर बंद करतात, ती कशासाठी दिली आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर २ ते ४ आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावे लागते, तुमच्या डॉक्टरांनी त्याआधी सांगितले असेल तर तेव्हाच. क्रिएटिनिन थोडे वाढणे अपेक्षित असते. ३० टक्क्यांहून जास्त वाढले तर डॉक्टर नव्या किडनीच्या धमनीत अरुंदपणा आहे का ते पाहतात. या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. मूल हवे असेल तर मायकोफेनोलेट हे रिजेक्शन रोखणारे औषधही गर्भधारणेच्या निदान ६ आठवडे आधी डॉक्टरांनी बदलून द्यावे लागते, म्हणून ही गोष्ट आधी बोलायची.

सावधान, पोटॅशियम: टॅक्रोलिमस पोटॅशियम वाढवते, या गोळ्या वाढवतात, पहिल्या महिन्यांत संसर्ग टाळण्यासाठी दिलेले सेप्ट्रानही वाढवते. त्यात घरात ‘कमी सोडियमचे मीठ’ आले की धोका होतो, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. सैंधव घेतल्यानेही काही साधत नाही, तेही मीठच. साधे मीठ कमी वापरणे हाच उपाय. रोजचे शहाळेही डॉक्टरांना विचारूनच.

जुलाब-उलट्या झाल्या तर घरात ठेवायचा नियम: टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट स्वतःहून थांबवायचे नाही, टेल्मिसार्टन गटाची गोळी त्या दिवशी घ्यायची की नाही हे फोन करून विचारायचे. जुलाबात टॅक्रोलिमसची लेव्हल वाढू शकते, म्हणून डॉक्टर ती तपासायला सांगतील.

मीठ आणि डाळ. दिवसाला एकूण ५ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, यात स्वयंपाकातले, ताटातले आणि विकतच्या पदार्थांतले सगळे आले. पापड, लोणचे, फरसाण, सुकट, विकतची चटणी यांत ते लपून असते. मीठ जास्त राहिले तर टेल्मिसार्टनचा गळतीवरचा परिणाम निम्मा वाया जातो असे समजा.

डाळीबाबत दोन टोके दिसतात. एका घरात ‘प्रथिने जातायत ना, मग भरून काढू’ म्हणून अंडी आणि पावडर वाढतात. दुसऱ्या घरात वरण बंद होते. पहिल्याने गाळण्यांवरचा ताण वाढतो, दुसऱ्याने स्टिरॉइडवर असलेल्या माणसाचे स्नायू आणखी झडतात. प्रत्यारोपण स्थिरावल्यावर बहुतेकांना दिवसाला दर किलोमागे ०.८ ते १ ग्रॅम प्रथिने पुरतात. ६० किलोच्या माणसाला ५० ते ६० ग्रॅम. दोन वेळचे वरण, दूध-दही, उसळ किंवा एखादे अंडे यात ते भागते. नेमके माप आहारतज्ज्ञाकडून घ्या.

हे टाळा: डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड अशा वेदनाशामक गोळ्या. दुकानदाराने ‘साधी अंगदुखीची’ म्हणून दिलेल्या पाकिटावर नाव वाचा. पपनस आणि ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची लेव्हल बिघडवू शकतात, गणपतीत पपनस घरात येतेच, तेव्हा रुग्णाच्या ताटात नको. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल आणि डिल्टियाझेम लेव्हल वाढवतात, टीबीवरचे रिफाम्पिसिन ती खूप खाली आणते. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांनी नवे औषध लिहिले तर पहिली गोळी घेण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला कळवा.

## टप्पा ९: घरची नोंद आणि पुढची मोजणी

बीपीचे लक्ष्य साधारण १३०/८० च्या आत असते. मोजण्याआधी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसा, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा आणि दोन्ही लिहा. फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली शीर) असलेल्या हातावर पट्टा कधीही बांधू नका, डायलिसिस थांबून वर्षे झाली असली तरी. वजन रोज सकाळी, लघवी झाल्यावर, त्याच काट्यावर.

वहीच्या एका पानावर पाच रकाने आखा: तारीख, प्रोटीन क्रिएटिनिन रेशो, क्रिएटिनिन, टॅक्रोलिमस लेव्हल, आणि त्या काळात औषधात झालेला बदल. उपचार बदलल्यावर रेशो पुन्हा कधी करायचा ती तारीख डॉक्टरांकडूनच लिहून घ्या, बहुधा ती एक ते दोन महिन्यांनंतरची असते. गोळी सुरू करून आठव्या दिवशी स्वतःहून तपासणी करू नका, त्या आकड्यावरून काही ठरत नाही आणि मन मात्र बसते. ०.८ वरून ०.६ किंवा ०.९ होणे हा रोजच्या चढउताराचाही भाग असू शकतो. ०.४, ०.७, १.१ अशी ओळीने चढण दिसली तर मात्र, क्रिएटिनिन जागेवर असले तरी, पुढच्या तारखेची वाट पाहू नका. त्याच आठवड्यात हे पान घेऊन नेफ्रॉलॉजिस्टकडे जा.